वर्गणी मागावी कशी आणि घ्यावी कशी

(श्री मारुती मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यातील भाषणाचा मजकूर)



आज मंदिरावर कळस चढला. सर्वांच्या माना वर झाल्या आणि डोळ्यांचे पारणे फिटले. या शुभप्रसंगी देवाच्या महिम्यावर बोलणारे अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. येथे विषय घेतला आहे तो जरा कोरडा, पण या कळसाच्या पायात गाडला गेलेला. तो विषय म्हणजे वर्गणी. ज्या पैशातून हे दगड घडले, तो कोणी आकाशातून टाकला नाही. तो दारोदार फिरून, आठवड्याच्या बाजारात उभे राहून, एस.टी. स्टँडवर हात पुढे करून, माणसाने माणसाच्या तोंडाकडे पाहून मागितला. मागणे सोपे नाही आणि नाही म्हणणे तर त्याहून अवघड. म्हणूनच मागण्याला नियम हवेत.

पूर्वी राजेरजवाडे देवळे बांधीत. अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, तेव्हा त्यांना कोणाच्या दारी पावतीपुस्तक घेऊन जावे लागले नाही. संस्थाने गेली, राजाश्रय गेला आणि ते काम रयतेच्या अंगावर आले. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण त्यामुळे शब्दशः खरी ठरली. पण राव स्वतःच्या खजिन्यातून देतो आणि गाव एकमेकांच्या खिशातून घेते, हा फरक ध्यानी ठेवला पाहिजे.

महाराष्ट्राला मागण्याची परंपरा जुनी आहे. पहाटे वासुदेव येतो, जोगवा मागणारी बाई येते, गोंधळी येतो. यांच्यापैकी कोणी आकडा ठरवून येत नाही. ओंजळभर जोंधळे घातले तरी वासुदेव त्याच उत्साहाने 'दान पावलं' म्हणतो आणि मूठभर घातले तरी तेच म्हणतो. ते दान कोणत्या देवाला पोहोचले हेही तो सांगतो. विचार केला तर ती एक तोंडी पावतीच आहे. ज्या घराने काही दिले नाही, त्या घराला तो शिव्या देत नाही. टाळ-चिपळ्या वाजवीत पुढच्या दारी जातो. मागण्याची सारी नीती या एका माणसाच्या वागण्यात आली.

आधुनिक काळातही मोठी माणसे मागून मोठी झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी पैसाफंड काढला. माणशी वर्षाला एक पैसा, एवढीच मागणी. त्या पैशा-पैशातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे मुष्टिफंड आला. घरच्या लक्ष्मीने रोज स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि त्यावर गोरगरिबांची मुले शिकायची. महर्षी कर्व्यांनी १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांत शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापन केले आणि त्या कामी ते दारोदार फिरले. या तिन्ही गोष्टींत एक सूत्र दिसेल. मागणी इतकी लहान ठेवली की गरिबालाही ताठ मानेने देता यावे.

संत गाडगेबाबांचे उदाहरण तर घरोघरी ठाऊक आहे. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. लाखांनी पैसा जमला, पण अंगावरच्या चिंध्या आणि हातातले गाडगे सुटले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लोकांनी दिलेले लोकांच्याच कामी लावून बाबा मोकळे झाले. असा विश्वास मिळाला की मागावे लागत नाही, लोक आपण होऊन देतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. चांगले तेवढेच सांगितले तर हे भाषण खोटे ठरेल. मंदिरावर मागे पत्रे घातले, तेव्हाची एक गोष्ट वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. त्या वेळी उंबऱ्यामागे पट्टी बसवली होती. सर्वांना एकच आकडा. मुदत संपली आणि हनुमान जयंतीच्या दिवशी कर्ण्यावरून बाकीदारांची नावे वाचली गेली. वाचणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते. पैसे लवकर जमावेत एवढाच हेतू. पण त्या यादीत खालच्या आळीतल्या एका घराचे नाव होते. त्या घरचा कर्ता माणूस सहा महिने अंथरुणाला खिळला होता आणि बैल विकून औषधपाणी चालले होते. नाव वाचले गेले त्या संध्याकाळपासून त्या घरचे कोणी देवळात आले नाही. पुढे तो माणूस वारला. त्याची बायको रोज मंदिरावरून पाण्याला जाई, पण पदर पुढे ओढून, मान खाली घालून. पत्रे बसले, पाऊस थांबला, पण एक घर देवाला कायमचे तुटले. हा हिशेब कोणत्याही वहीत लिहिला गेला नाही.

या वेळी जीर्णोद्धाराची पहिली बैठक पारावर भरली, तेव्हा पुन्हा तोच विचार निघाला. उंबऱ्यामागे एकच आकडा ठरवा म्हणजे वाद नको. तेव्हा एक म्हातारे वारकरी उठले आणि एवढेच म्हणाले, "ज्याच्यापाशी न्हाई, त्यानं पायरी चढायची का न्हाई, ते आधी ठरवा." बैठक गप्प झाली. पट्टी रद्द झाली आणि 'यथाशक्ती' हा शब्द ठरावात लिहिला गेला. ठरावाच्या पुढे आणखी एक गोष्ट झाली, ती शेवटी सांगणे योग्य होईल. त्याआधी नियमांकडे वळू. कारण चांगला हेतू पुरत नाही, त्याला शिस्तीची जोड लागते.

प्रथम कायदा. देवस्थानासारख्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेसाठी आपल्या राज्यात १९५० चा कायदा आहे. तो पूर्वी 'मुंबई' सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा म्हणून ओळखला जाई. आता त्याच्या नावात 'महाराष्ट्र' आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे संस्थेची नोंदणी करावी लागते. कलम ३२ प्रमाणे हिशेब ठेवावा लागतो आणि कलम ३३ प्रमाणे तो तपासून घ्यावा लागतो. ज्या मंडळाची नोंदणीच नाही आणि ज्याला गणेशोत्सवासारख्या तात्पुरत्या कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे आहेत, त्याने कलम ४१ सी प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यायची असते आणि काम आटोपल्यावर हिशेब द्यायचा असतो. पुष्कळ तरुण मंडळी हा परवाना मागायला तालुक्याच्या कचेरीत येतात आणि दिवस मोडून परत जातात. तो तेथे मिळत नाही. मांडवाची परवानगी वेगळी, कर्ण्याची वेगळी आणि वर्गणीची वेगळी. पोलिसांनी कर्णा लावू दिला याचा अर्थ वर्गणी गोळा करण्यास मुभा मिळाली असा होत नाही.

दुसरी गोष्ट रस्त्याची. सणासुदीला काही ठिकाणी मुले रस्त्यावर दोरी धरून किंवा बांबू आडवा टाकून गाड्या थांबवतात आणि पावती फाडल्याशिवाय सोडत नाहीत. यात थट्टामस्करी असते, देवाचे नाव असते, पण समोरच्या गाडीत कोण आहे हे मुलांना ठाऊक नसते. त्या गाडीत बाळंतीण असेल, दवाखान्यात निघालेला रोगी असेल, मयताला निघालेले सोयरे असतील. जाणाऱ्याची वाट बेकायदा अडवणे हा गुन्हा आहे आणि भीती घालून पैसे काढणे हा त्याहून मोठा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पहिल्यासाठी कलम १२६ आणि दुसऱ्यासाठी कलम ३०८ आहे. पूर्वीच्या १८६० च्या दंड संहितेतही हे गुन्हेच होते. देवाच्या नावाने केले म्हणून गुन्ह्याचे पुण्य होत नाही. शिवाय अशा एका दोरीमुळे पोरांच्या नावावर खटला चढला, तर पुढे नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. वर्गणी दोनशे रुपयांची आणि नुकसान जन्माचे.

तिसरी गोष्ट, कोणी मागावे आणि कोणी मागू नये. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ प्रमाणे सरकारी नोकराने शासनाच्या मंजुरीवाचून वर्गणी गोळा करणे बरोबर नाही. या नियमामागचे शहाणपण समजून घ्यावे. तलाठ्याने वर्गणी मागितली तर ज्याचा सातबारा अडला आहे तो नाही कसा म्हणेल? हाच न्याय सरकारी नोकरापुरता ठेवू नये. ऊसतोडीचा मुकादम, सोसायटीचा सचिव, उसनवारीने पैसे देणारा सावकार, वर्गातला मास्तर, यांच्या हाती समोरच्याची दोरी असते. अशाने पावतीपुस्तक घेऊन गरजवंताच्या दारी जाऊ नये. त्याने स्वतः जरूर द्यावे, पण मागायला दुसऱ्याला पाठवावे. मागणाऱ्याचे भय वाटून जे दिले जाते त्याला दान म्हणत नाहीत, त्याला खंडणी म्हणतात.

चौथी गोष्ट, मागण्याची रीत. एकट्याने जाऊ नये, दोघांनी मिळून जावे. म्हणजे देणाऱ्याला संशय नको आणि घेणाऱ्यावर आळ नको. पाच-दहा जणांचा घोळकाही नेऊ नये. अंगणात गर्दी उभी राहिली की माणूस भिडेने देतो. घरी एकटी बाई असेल तर उंबऱ्याबाहेर उभे राहून निरोप ठेवावा आणि निघावे. जेवणाच्या वेळी, सुतकाच्या घरी, आजाऱ्याच्या घरी जाऊ नये. मजुरीच्या दिवशी हजेरी वाटपाच्या जागी पेटी घेऊन उभे राहू नये. लहान मुलांच्या गळ्यात डबा अडकवून त्यांना बाजारात उभे करू नये. मुलाकडे पाहून लोक देतील, पण ते मूल मागायला शिकेल. आणि सर्वांत महत्त्वाचे, शेजाऱ्याने किती दिले ते सांगू नये. "अमक्याने पाच हजार दिले, तुम्ही एवढेच?" असे वाक्य तोंडून निघाले की देव तेथून उठून गेला असे समजावे.

पाचवी गोष्ट, नकाराची. कोणी नाही म्हटले तर 'रामराम' म्हणून पुढे व्हावे. कारण विचारू नये, परत येऊ का म्हणू नये, पारावर त्याची चर्चा करू नये. गावात दुसऱ्या पंथाचे, दुसऱ्या धर्माचे लोक आहेत. त्यांनी प्रेमाने दिले तर दोन्ही हातांनी घ्यावे, पण त्यांच्या दारी आग्रह करू नये. ज्याला नाही म्हणण्याची मोकळीक आहे, त्याच्याच होकाराला किंमत आहे. साऱ्या नियमांचे सार एवढेच आहे.

सहावी गोष्ट, पावतीची. पावतीपुस्तकावर संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक छापलेला असावा. प्रत्येक पावतीला अनुक्रमांक असावा. कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद एका वहीत सहीनिशी ठेवावी आणि काम संपल्यावर कोरी राहिलेली पुस्तकेसुद्धा परत घ्यावीत. रक्कम आकड्यात व अक्षरात लिहावी. पावती चुकली तर फाडून फेकू नये. तिच्यावर 'रद्द' लिहून ती स्थळप्रतीला टाचून ठेवावी. रुपया दिला तरी पावती द्यावी. लहान देणगीदाराला पावती देण्याचा कंटाळा केला, की मोठ्या देणगीदाराच्या पावतीवरही लोकांचा विश्वास बसत नाही. धान्य दिले तर माप लिहावे आणि अंगमेहनत दिली तर दिवस लिहावेत.

सातवी गोष्ट, पैशाची. गोळा झालेली रक्कम घरी मुक्कामाला ठेवू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, संस्थेच्या नावे असलेल्या बँक खात्यात भरावी. गोळा झालेल्या पैशातून चहा-भजी, पेट्रोल भागवू नये. खर्च लागला तर तो वेगळ्या व्हाउचरने घ्यावा. दानपेटीला दोन कुलुपे असावीत, किल्ल्या दोन माणसांकडे असाव्यात आणि पेटी पंचांसमक्ष उघडून मोजदाद लिहून त्यावर सह्या घ्याव्यात. आता मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली आहे. त्यासाठी लावलेला क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा, कोणा कार्यकर्त्याच्या खात्याचा नव्हे. त्या कागदावर कोणी दुसरा कागद डकवला नाही ना, हे अधूनमधून पाहावे. देणाऱ्यानेही पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर संस्थेचे नाव वाचावे.

मोठ्या देणगीदारांसाठी एक खुलासा. 'देवळाला दिले की आयकरात सूट' असे सरसकट सांगितले जाते, ते खरे नाही. लोक जिला ८० जी ची सवलत म्हणतात, ती संस्थेला आयकर खात्याची तशी मान्यता असेल तरच मिळते. मान्यता असली तरी २०१७ पासून २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत नाही. मागणाऱ्याने खोटे आश्वासन देऊन मोठा आकडा मिळवू नये. देणगी एकदा येईल, पण तो माणूस पुन्हा येणार नाही.

शेवटची गोष्ट, फलकाची आणि हिशेबाची. संगमरवरी फलकावर नाव यावे असे वाटणे हा माणसाचा स्वभाव आहे. त्यात पाप नाही. पण आकड्याच्या उतरत्या क्रमाने नावे लावली की फलकाखाली उभ्या राहणाऱ्या गरिबाला आपली जागा दाखवून दिल्यासारखे होते. या मंदिराच्या फलकावर नावे गल्लीवार आणि आकड्याशिवाय लावली आहेत. आकडे ज्याला पाहायचे असतील त्याने हिशेब पाहावा. जमाखर्च मंदिराच्या भिंतीवर लावला आहे, दगड, वाळू, गवंड्याची मजुरी, कळसाची घडणावळ सर्व काही कलमवार. वाचता न येणाऱ्यांसाठी तो उद्या पारावर मोठ्याने वाचला जाणार आहे. कर्ण्यावरून पूर्वी बाकीदारांची नावे वाचली, आता समितीचा खर्च वाचला जाईल. कर्णा तोच, वाचायची वही तेवढी बदलली.

आता ती राहिलेली गोष्ट. ठराव झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी समितीचे दोन वयस्कर सभासद खालच्या आळीतल्या त्या घरी गेले. हाती पावतीपुस्तक नेले नव्हते. म्हातारीला त्यांनी सांगितले, "काकू, मागं गावाचं चुकलं. कर्ण्यावर नाव वाचायला नको होतं." म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग आत गेली, चहा ठेवला. चहा पिऊन दोघे निघाले, पैशाचा विषय कोणी काढला नाही. पुढे पायाभरणीच्या दिवशी ती स्वतः आली. पदराच्या गाठीतून अकरा रुपये काढले आणि म्हणाली, "पावती देशीला न्हवं?" पावती दिली गेली, अनुक्रमांकासह, अक्षरी रक्कम 'रुपये अकरा मात्र'. पावतीवर नाव कोणाचे घालायचे विचारले, तेव्हा तिने नवऱ्याचे नाव सांगितले. ती पावती तिच्या घरी देवाच्या तसबिरीमागे खोवलेली आहे. आजच्या महाप्रसादाच्या पंगतीत ती पहिल्या रांगेत बसली आहे.

या जीर्णोद्धाराला लाखो रुपये लागले आणि ते देणाऱ्या प्रत्येकाचे गावावर ऋण आहे. परगावच्या देणगीदारांनी मन मोठे केले, तरुणांनी अंगमेहनत केली, माता-भगिनींनी पाणी वाहिले. पण नुसते दगड बसवण्यासाठी एवढे केले असते तर ते बांधकाम झाले असते. तुटलेले माणूस परत पायरी चढले, म्हणून याला जीर्णोद्धार म्हणायचे.

पुढे शाळेची खोली होईल, स्मशानशेड होईल, सप्ताह होतील. वर्गणीची वेळ पुन्हा पुन्हा येईल. तेव्हा ज्यांच्या हाती पावतीपुस्तक असेल त्यांनी दार वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि मनाशी विचारावे, की हे घर आज नाही म्हणाले तर उद्या याच दारी तितक्याच मायेने रामराम घालता येईल काय? उत्तर होय असेल तरच दार वाजवावे.

श्री मारुतीराया देणाऱ्याला बळ देवो, मागणाऱ्याला विनय देवो आणि हिशेब ठेवणाऱ्याला चोख बुद्धी देवो, एवढी प्रार्थना त्याच्या चरणी करून हे भाषण येथे पुरे होते.

बजरंगबली की जय! जय हिंद, जय महाराष्ट्र!